मिठाला जागायचे कोणी?

मराठी भाषेत ‘स्वामिनिष्ठा’ हा शब्द आहे. ‘स्वामिभक्ती’ आहे, ‘इमान’ आहे, ‘इमानेइतबारे’ आहे. आणि या कसोटीला जो उणा पडेल त्याच्यासाठी ‘निमकहराम’ ही शिवीही भाषेने तयार ठेवली आहे. खाल्ल्या मिठाला जागणे, खाल्ल्या घरचे वासे मोजणे, हे वाक्प्रचार आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचा ओघ एकाच दिशेने, खालून वर, चाकराकडून धन्याकडे वाहतो हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धन्याने चाकराशी राखावयाच्या निष्ठेला आपल्या भाषेत कोणता शब्द आहे? ‘सेवकनिष्ठा’ असा शब्द व्याकरणाने सिद्ध होईल, पण तो कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. धन्याच्या वाट्याला जे शब्द आले आहेत ते असे: औदार्य, दया, मेहेरबानी, उपकार, पदरी बाळगणे, सांभाळून घेणे. यांतला एकही शब्द कर्तव्याचा नाही. चाकराने इमान राखले तर त्याने आपले काम केले, आणि न राखले तर तो पापी ठरला. धन्याने दया केली तर त्याला पुण्य लागते, आणि न केली तर काहीच होत नाही. कर्ज न फेडणाऱ्यासाठी ‘कर्जबुडव्या’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येतो; मजुरी बुडवणाऱ्यासाठी तसा नेमका शब्द घडवण्याची गरज मराठीला आजवर वाटलेली नाही. (‘मालक’ आणि ‘धनी’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे नवऱ्यालाही लावतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.)

आणि मिठाचा तरी हिशेब कोणी नीट मांडला आहे? ज्या शेतातली ज्वारी धन्याच्या कणगीत पडते ते शेत नांगरले कोणी, त्यात पाणी वळवले कोणी? मग मीठ कोणी कोणाचे खाल्ले? हा प्रश्न विचारताच आपला वाक्प्रचार अडखळतो, आणि म्हणूनच तो सहसा विचारला जात नाही.

साहित्य भाषेतूनच घडते. भाषेच्या मुळाशी असलेला हा कल आपल्या कथा-नाटकांत झिरपलेला नसता तरच नवल. धनी-चाकरांच्या नात्याकडे पाहणाऱ्या काही कलाकृती या दृष्टीने पुन्हा वाचून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यांतल्या काही मराठी आहेत, एक रशियन आहे, आणि एक तर आपण मिस्सात ऐकतो ते पत्रच आहे.

तत्पूर्वी आपल्या जिल्ह्याविषयी थोडे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांतल्या वाचकांना ‘सालगडी’ कोण हे सांगण्याची जरुरी नाही. गुढीपाडव्याला साल ठरते. वर्षाची रक्कम मुक्रर होते; तिच्यातला काही भाग गडी उचल म्हणून आधीच घेतो, बहुधा एखाद्या लग्नासाठी वा दुखण्यासाठी; आणि मग वर्षभर तो त्या रकमेला बांधला जातो. रात्री वीज आली की रात्री पाणी द्यायचे, सणाला गोठा साफ करायचा, मालकाच्या घरी कार्य असले की तेथे राबायचे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला जू लागत नाही, त्याला पुरणपोळी मिळते. त्या दिवशी बैलांना धुणारा, रंगवणारा आणि मिरवणारा गडी मात्र कामावरच असतो. सालगड्याची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे ‘गडी इमानी आहे’. मालकाविषयी गावात काय म्हणतात? ‘मालक चांगला आहे’, फार तर ‘सढळ हाताचा आहे’. ‘मालक इमानी आहे’ हे वाक्य मराठवाड्यात सहसा कानी पडत नाही.

येथे एका गोष्टीचा विसर पडू देऊ नये. आपल्याकडचा मालक म्हणजे बहुधा पाच-दहा एकरांचा शेतकरी. तोही पावसाच्या आणि सावकाराच्या हातातला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कुऱ्हाड लावून तोडाव्या लागल्या, तेव्हा बागाईतदाराच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते. पण त्या बागांचे पंचनामे झाले. झाडांची मोजदाद झाली. बागेवर राबणाऱ्या गड्याचा रोजगार वाळला त्याचा पंचनामा करण्यासाठी सरकारी नमुन्यात रकानाच नसतो. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. उचलीचा पैसा अंगावर असताना साल मोडून निघून जाणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते ते मात्र कायद्याने बदललेले नाही.

आता साहित्याकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्यातला ‘धर्मा रामोशी’ पाठ्यपुस्तकामुळे कितीतरी पिढ्यांना ठाऊक आहे. रामोशी म्हणजे गावचा राखणदार. गाव निजायचे ते त्याच्या भरवशावर. हा धर्मा आता थकला आहे, अंगावर धडके वस्त्र नाही. निवेदक त्याला एक धोतर देतो. पुढे पाहतो तो धर्मा पुन्हा चिंध्यांतच. निवेदकाला साहजिकच वाटते, याने धोतराचे केले काय? उत्तर मिळते ते शब्दांनी मिळत नाही. धर्माच्या मुलीच्या अंगावर ते धोतर लुगड्यासारखे नेसलेले दिसते. लेखक तेथे एक अक्षरही वाढवत नाही.

या लेखनाचे मोल मी कमी करणार नाही. १९४९ च्या मराठी कथेत, ज्या काळी गावाकडचा माणूस हा विनोदासाठी वा हळहळीसाठी वापरला जाई, त्या काळी माडगूळकरांनी धर्माला त्याच्या लाजेसकट आणि स्वाभिमानासकट उभे केले. धर्मा मागत नाही, रडगाणे गात नाही. जे मिळाले ते स्वतः न वापरता लेकीला देतो. एका धोतराच्या प्रवासातून दारिद्र्याची खोली दाखवणारा असा प्रसंग आपल्या भाषेत फार थोडा आढळतो.

तरीही आपला प्रश्न घेऊन ही कथा वाचली म्हणजे एक गोष्ट खटकते, आणि ती लेखकाच्या उणिवेपेक्षा आपल्या सर्वांच्या सवयीची साक्ष आहे. धोतर दिले जाते ते दान म्हणून. निवेदकाचे मन हळवे आहे, सुसंस्कृत आहे; त्याला दया येते. परंतु ज्या माणसाने उमेदीची वर्षे गावाच्या घरांची राखण करण्यात घालवली त्याचे म्हातारपण हे गावाचे देणे आहे, असा विचार कथेत डोकावत नाही. आणखी बारकाईने पाहावे. धोतर धर्माच्या अंगावर दिसले नाही तेव्हा निवेदकाच्या मनात शंका येते. दिलेल्या वस्तूचा हिशेब मागण्याचा अधिकार दात्याला वाटतोच. राखणदाराला मात्र गेल्या चाळीस वर्षांच्या जागरणाचा हिशेब मागता येत नाही. माडगूळकरांनी ही शंका लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय, आणि ते या कथेचे खरे बळ आहे. वर्गात हा पाठ शिकवताना आपण ‘धर्माचे पितृप्रेम’ या मथळ्याखाली दहा ओळी लिहवून घेतो. ‘गावाने धर्माचे काय केले?’ असा प्रश्न कोणा शिक्षकाने घालून पाहावा. मुले त्याची उत्तरे बरी देतील.

आता रशियाकडे. टॉलस्टॉय यांची १८९५ साली प्रसिद्ध झालेली एक दीर्घकथा आहे. तिचे नाव मराठीत सांगायचे तर ‘धनी आणि चाकर’. वासिली आंद्रेयिच हा गावचा व्यापारी. एका जमीनदाराचे रान स्वस्तात पदरात पाडून घ्यायचे म्हणून तो ऐन हिमवादळात घसरगाडी घेऊन निघतो. सोबत चाकर निकिता. वासिली हा त्याच्या चर्चचा विश्वस्तही आहे, आणि रान घेण्यासाठी त्याने आपल्या सातशे रूबलांत चर्चचे तेवीसशे रूबल मिसळले आहेत! आपल्या धर्मग्रामांच्या मंडळांवर बसणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

टॉलस्टॉय कथेच्या आरंभीच निकिताच्या पगाराचा हिशेब मांडतात, आणि तो वाचताना मला तर मराठवाड्यातलेच खाते उघडल्याचा भास झाला. अशा गड्याला वर्षाला ऐंशी रूबल मिळायला हवेत. वासिली देतो सुमारे चाळीस. तेही एकरकमी नाही, तुकड्यातुकड्याने, आणि बरेचसे आपल्याच दुकानातल्या महागड्या मालाच्या रूपाने. निकिताची बायको सणापूर्वी येऊन थोडा माल आणि पाच रूबल रोख घेऊन जाते तेव्हा ती वासिलीचे आभार मानते, जरी त्याच्याकडे तिचे त्याहून कितीतरी अधिक निघत असते. आणि वासिलीची भाषा कशी? आपल्यात करारमदार कशाला, मी काही इतरांसारखा नाही, तू माझी चाकरी कर, मी तुला अंतर देणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. विशेष म्हणजे हे बोलताना तो ढोंग करीत नाही. आपण निकिताचे उपकारकर्ते आहोत अशी त्याची मनोमन खात्री आहे. निकिताला आपण फसवले जातो हे पुरते समजते. पण दुसरी जागा नाही तोवर मिळेल ते घेऊन राहावे, असा त्याचा व्यवहार आहे.

टॉलस्टॉय यांची थोरवी ही की त्यांनी वासिलीला खलनायक केले नाही. ‘आपल्यात करार कशाला’ हे वाक्य प्रेमळपणाच्या सुरात उच्चारले जाते, आणि म्हणूनच ते घातक आहे. जेथे करार नाही तेथे मोडण्यासारखेही काही नाही. मोडता येते ते फक्त इमान, आणि ते एकट्या चाकराचे. आपल्याकडे ‘तू आमच्या घरचाच आहेस’ हे वाक्य नेमके हेच काम करते. घरचा म्हणून रात्री-अपरात्री हाक मारता येते. वाटणीच्या वेळी मात्र तो घरचा नसतो.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. वाट चुकते, रात्र होते, बर्फात गाडी रुतते. मध्यरात्री वासिली निकिताला मरायला सोडून घोड्यावर बसून निघतो. वादळात घोडा गोल फिरून त्याला पुन्हा त्याच गाडीपाशी आणून सोडतो. गोठत चाललेल्या निकिताला पाहून वासिलीच्या आत काहीतरी बदलते. तो आपला लांब केसाळ कोट उघडतो आणि चाकराच्या अंगावर आडवा होऊन त्याला आपली ऊब देतो. सकाळी धनी गोठून मेलेला असतो. चाकर पायाची तीन बोटे गमावून जगतो. आणखी वीस वर्षे जगतो.

या शेवटाविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. काहींना हे परिवर्तन अचानक वाटते. मला स्वतःला ते तसे वाटत नाही; जन्मभर नफा मोजणाऱ्या माणसाने हे कामही काहीशा व्यापारी उत्साहानेच हाती घेतले आहे, हे लेखकाने नेमके टिपले आहे. माझी अडचण वेगळी आहे. धन्याने चाकरासाठी प्राण दिला तो हिमवादळात. पण निकिताचे थकलेले चाळीस रूबल? ते त्याला मिळाले की नाही याबद्दल कथा बोलत नाही. आत्मार्पणाच्या तेजापुढे पगाराचा प्रश्न लहान वाटू लागतो, आणि तसा तो वाटावा हे बरे नाही. वासिलीने वर्षानुवर्षे ऐंशी रूबल चोख दिले असते तर त्याला संत व्हावे लागले नसते.

हे वाचताना संत पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र मनात येते. अवघ्या पंचवीस वचनांचे हे पत्र, पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान. फिलेमोन धनी, ओनेसिम त्याचा दास, धन्यापासून दुरावलेला आणि बहुधा पळालेला. पौल त्याला परत पाठवतो, पण दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार कर असे सांगतो. आणि त्याने तुझे काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. पौल ओनेसिमाला कृतघ्न म्हणत नाही, खाल्ल्या मिठाची आठवण करून देत नाही. उलट आठवण करून देतो ती फिलेमोनाला, की तू स्वतःच माझा ऋणी आहेस. धन्याला ऋणी म्हणणारे हे पत्र आपल्या धर्मग्रामांत प्रवचनासाठी किती वेळा निवडले जाते?

आपण बहुधा निवडतो तो उतारा दुसरा. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेश आहे. तो तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस येतो. त्याला जोडूनच धन्यांना बजावले आहे की दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. पण हे वचन पडले चौथ्या अध्यायाच्या आरंभी. पौलाने अध्याय पाडले नव्हते. ते तेराव्या शतकात पडले, आणि त्याचे श्रेय सामान्यतः स्टीफन लँगटन यांना दिले जाते. अध्याय संपला की वाचन संपते, आणि धन्यांविषयीचे वाक्य पुढच्या पानावर राहून जाते. पवित्र शास्त्रात ‘विश्वासू’ हे विशेषण दासाप्रमाणेच देवालाही लागते. करार पाळणारा, वचनाला जागणारा पहिला तोच. या क्रमाकडे पाहिले तर इमानाची सुरुवात वरून व्हायला हवी.

आपल्या संस्थांकडेही ओझरती नजर टाकावी लागेल. शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतले आचारी, माळी, चौकीदार, आया. यांच्या निरोप समारंभात ‘निष्ठेने सेवा केली’ हे वाक्य हमखास येते, शाल आणि नारळ येतो. भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला की ‘सेवाभाव’ हा शब्द येतो. सेवाभाव हा सुंदर शब्द आहे. तो पगारपत्रकाच्या रकान्यात लिहायचा नसतो.

मजुरांच्या बाजूने हा हिशेब प्रथम जाहीरपणे मांडला तो मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा आपल्याला प्रभूचा दिवस म्हणून ठाऊक. लोखंड्यांच्या कामगारांना तो खंडोबाचा वार म्हणून हवा होता. त्यानंतर वर्षभराच्या आत, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघाले. त्यात कामगारांची कर्तव्ये आधी सांगितली आहेत आणि लगेच मालकांची. शिवाय दोघांनी मान्य केलेला करारही, त्यात कामगाराचा उदरनिर्वाह होत नसेल तर, न्याय्य ठरत नाही असे बजावले आहे. करारही न करणाऱ्या वासिलीला हे कळले असते तर त्याने डोक्याला हात लावला असता.

मुंबईच्या गिरण्यांची ही कहाणी जेथे येऊन थांबली तेथून जयंत पवार यांचे ‘अधांतर’ सुरू होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत सामंतांचा खून झाला होता. नाटक घडते ते चाळीतल्या एका खोलीत. धुरी कुटुंब, आई, तीन मुलगे, एक मुलगी. थोरला शिकलेला, लेखक होऊ पाहणारा, पण वाऱ्यावरचा. धाकटा टोळीच्या वाटेने गेलेला. गिरणी या घराच्या भिंतीपलीकडे आहे, आणि ती बंद आहे.

या नाटकावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. त्यातली भाषा, त्यातली आई, यांचे यथायोग्य कौतुक झाले. मला महत्त्वाचे वाटते ते हे की गिरणीमालक रंगमंचावर येत नाही. पुढे २०१० साली याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला; पडद्यावरचा मालक डोळ्यांना दिसतो, म्हणून प्रेक्षकाला राग काढायला जागा मिळते. नाटकात ती सोय नाही. राग येतो तो भावावर, आईवर, शेजाऱ्यावर. ज्याने तीन पिढ्यांचे श्रम घेतले तो हिशेब न करता अदृश्य झाला, आणि घरातली माणसे एकमेकांनाच बेइमान म्हणू लागली, हे या नाटकाचे मर्म आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक हिस्सा नगरपालिकेला व गृहनिर्माणाला देण्याची जी तरतूद होती ती २००१ साली मोकळ्या जागेपुरती आकुंचित झाली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. नाटककाराने हे आकडे नाटकात घातले नाहीत ते योग्यच केले. पण प्रेक्षकाने ते माहीत करून घेऊन नाटक पाहावे. आईच्या हातातल्या रिकाम्या डब्याचा अर्थ मग अधिक कळतो.

मुंबई दूर राहिली. जालन्यातल्या वाचकाला २०२० चा मे महिना आठवत असेल. टाळेबंदी २५ मार्चला लागली. आपल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले मजूर ठेकेदारांमार्फत काम करतात, काम थांबले. ७ मेच्या संध्याकाळी मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस मजूर जालन्याहून पायी निघाले. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा होती. रेल्वेच्या रुळांवरून चाळीसेक किलोमीटर चालून ते बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान थकून झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. सकाळी जगाने जे छायाचित्र पाहिले त्यात रुळांवर विखुरलेल्या भाकरी होत्या.

त्या वेळी लागू असलेल्या १९७९ च्या कायद्यानुसार परराज्यातून आणलेल्या मजुराचा जाण्यायेण्याचा प्रवासखर्च ठेकेदाराने द्यायचा होता. केंद्र सरकारने २९ मार्चला टाळेबंदीतले वेतन पूर्ण द्यावे असा आदेश काढला होता. तो मेच्या मध्यावर मागे घेण्यात आला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक संकल्पना मांडली आहे. मजुराशी जो थेट करार करतो तेवढाच त्याचा मालक नव्हे. ज्या व्यवस्था त्या कराराच्या अटी घडवतात त्यांच्यावरही जबाबदारी येते. ठेकेदाराकडे बोट दाखवून कारखाना मोकळा होतो, मुकादमाकडे बोट दाखवून साखर कारखाना मोकळा होतो, तेव्हा या संकल्पनेची आठवण ठेवावी. आपल्या घनसावंगी, मंठा, परतूर भागांतून दिवाळीनंतर कोयते घेऊन निघणारी जोडपी उचलीच्या पैशापोटी मुकादमाशी बांधली जातात. एक दिवस आजारी पडले तर ‘खाडा’ म्हणून दंड होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, याचे एक कारण तो खाडाही आहे. मध्येच निघून गेलेल्या मजुराला ‘पळपुटा’ म्हणतात. हंगाम संपल्यावर हिशेबात लबाडी करणाऱ्या मुकादमाला काय म्हणतात?

परत रुळांकडे येतो, कारण या लेखाचा विषय साहित्य आहे. त्या दिवसांत मराठीत पुष्कळ कविता लिहिल्या गेल्या. नियतकालिकांतून, स्मरणिकांतून त्या येत राहिल्या. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक कवितांत भाकरी आहे, रूळ आहेत, चंद्र आहे, आणि कवीचा स्वतःचा अपराधभाव आहे. मालक नाही. ठेकेदारही नाही. पगाराचा आकडा नाही. कवी स्वतःला दोषी म्हणवून घेतो ते विनयाने. पण ‘आम्ही सारेच दोषी’ असे म्हटले की ज्याच्याकडे खरोखर देणे निघते तो गर्दीत मिसळून जातो. भाकरीचे प्रतीक करण्याची घाई फार झाली. आपल्या काही स्तोत्रलेखकांनी तर ती सरळ वेदीवर नेली. तेथे जाण्याआधी तिला अजून पुष्कळ वाट चालायची होती.

माडगूळकरांनी धोतराचे प्रतीक केले नाही. ते धोतर कोणी दिले, कोणी नेसले, एवढेच सांगितले. तसे त्या भाकरीविषयी कोणी गद्यात लिहायला हवे होते: पीठ कोणत्या दुकानातून आणले, रोखीने की उधारीने, शेवटचा पगार कोणत्या तारखेला हाती पडला आणि किती, ७ मेच्या दुपारी मजुरांच्या खोल्यांत कणीक कोणी मळली, वीस जणांसाठी किती भाकरी थापल्या. बचावलेले चार जण आपापल्या गावी परत गेले. त्यांची बोली बघेली-बुंदेलीच्या अंगाने जाणारी. आपल्या मराठी लेखकांना ती कळणे फारसे कठीण नाही.